डाग दिसण्याआधीचे दिवस

सेन्सर हा शब्द तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागात आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षबागेच्या मधोमध एक खांब असतो. त्यावर वहीएवढी सौरपट्टी, पाऊस मोजायचे नरसाळे आणि वेलीच्या उंचीवर पानाच्या आकाराचा एक चपटा तुकडा. हा तुकडा भिजला की त्याच्यावरच्या बारीक रेषांतून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो, आणि बागायतदाराच्या मोबाइलवर आकडा येतो की पान इतके तास ओले होते. जोडीला तापमान, हवेतला दमटपणा. आणि खाली एक ओळ, 'दावण्याचा धोका जास्त'.

मिरज तालुक्यातले आमचे एक जुने स्नेही आहेत. द्राक्ष बागायतदार, वयाने वडील, म्हणून आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते मला एकदा म्हणाले, "शायर, ह्ये यंत्र सांगतंय की धोका हाय. धोका हाय ते मला आभाळाकडं बघून बी कळतंय. रोग आलाय का न्हाई, ते सांगणारं काय निघालंय का?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचे पुस्तक दहावीला मिटले ते मिटलेच. पण अण्णांच्या या प्रश्नाने मला बरेच महिने वाचायला लावले, कृषी महाविद्यालयात शिकलेल्या मुलांच्या मागे लागायला लावले. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

अण्णांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, त्या खरोखरच वेगळ्या आहेत. खांबावरचा सेन्सर हवा मोजतो. रोगाला कोणती हवा मानवते हे शास्त्रज्ञांनी आधी शोधून ठेवलेले असते, त्यावरून तो अंदाज करतो. म्हणजे चोर येण्याजोगी काळोखी रात्र आहे, एवढे तो सांगतो. चोर घरात शिरला का, हे त्याला माहीत नसते. ते सांगू पाहणाऱ्या यंत्राला बायोसेन्सर म्हणतात, मराठीत जैवसंवेदक.

आता चोराची ओळख करून घेऊ. दावण्या म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. शेतीच्या पुस्तिकांत त्याला केवडा असेही म्हणतात. इतके सुवासिक नाव इतक्या वाईट रोगाला मिळाल्याचे मला नेहमी वाईट वाटते. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात तो खरी बुरशी नव्हे. समुद्रातल्या तपकिरी शैवालाच्या नात्यातला तो जीव आहे, आणि पाण्याची ओढ त्याने अजून सोडलेली नाही. पानावर पाण्याचा पातळ थर साचला की त्याचे बीजाणू फुटतात, त्यातून शेपटीचे सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि चक्क पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रापाशी जातात. पान ज्या छिद्रांतून श्वास घेते, त्याच छिद्रांतून हा आत शिरतो. उबदार हवेत पान दोन-तीन तास ओले राहिले तरी एवढे सगळे उरकते.

आणि मग काही दिवस काहीच होत नाही. म्हणजे आपल्याला दिसत नाही. पान हिरवेगार, तजेलदार. आत मात्र हा जीव पेशींच्या फटींतून धागे पसरत असतो, पेशींत नळ्या खुपसून रस ओढत असतो. हवा मानवली तर चार ते सात दिवस, थंडी असली तर त्याहून जास्त. त्यानंतर पानावर पिवळसर डाग उमटतो, उजेडाकडे धरला तर तेल सांडल्यासारखा दिसणारा. पुढच्या दमट रात्री त्याच डागाच्या खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी लव येते. ती लव म्हणजे पुढची पिढी, वाऱ्यावर निघायला तयार असलेली. बागायतदाराच्या डोळ्याला रोग दिसतो तेव्हा चोर घरात राहून जेवूनखाऊन आता पोराबाळांना शेजारी धाडायला निघालेला असतो. हाच रोग फुलोऱ्यात घडावर उतरला, तर घड वाळून जातो आणि वर्षाचे पीक तिथेच संपते.

या जीवाचा आणि माणसाचा सामना फ्रान्समध्ये सुरू झाला. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर तो युरोपात गेला आणि १८७८ मध्ये फ्रान्सच्या बागांत दिसला. बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना कालवून फासत. उद्देश रोगाचा नव्हताच. येणारेजाणारे लोक द्राक्षे तोडून खात, त्यांना निळसर डाग पाहून विषाची भीती वाटावी, एवढ्यासाठी. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की आतल्या वेलींची पाने गळून पडली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग केले, १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केले. तेच आपले बोर्डो. चोर पळवायला लावलेले औषध दुसऱ्याच चोराला लागू पडले. आज आपल्या सोनी, मणेराजुरी, पलूसच्या बागांत तेच निळे पाणी फवारले जाते.

पण बोर्डोचा एक स्वभाव लक्षात घ्या. ते रोग बरा करत नाही. ते पानावर आधीपासून पहारा देत बसते आणि उतरणाऱ्या बीजाणूला मारते. आत शिरलेल्याला ते काही करू शकत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून द्राक्षाची फवारणी ही न दिसणाऱ्या गोष्टीवरची फवारणी आहे. नंतर आंतरप्रवाही औषधे आली, ती पानात भिनतात आणि आत शिरलेल्या रोगालाही रोखतात, पण तीही पहिल्या दोन-तीन दिवसांतच नीट काम करतात. तेल सांडल्यासारखा डाग दिसल्यावर त्यांचाही हात आखडतो. उपाय चालण्याचे दिवस आणि डोळ्याला दिसण्याचे दिवस एकमेकांना भेटतच नाहीत, अशी ही पंचाईत आहे.

मग बागायतदार काय करतो? रोग आला आहे असेच धरून चालतो. सांगली जिल्ह्यात फळछाटणी ऑगस्टपासून सुरू होते ती ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि परतीचा पाऊस नेमका कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर येतो. रात्री दोनला सर आली की पहाटे बागेत ब्लोअरचा आवाज सुरू. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला तर नळी ओढत माणसे शिरतात, तोंडाला टॉवेल गुंडाळून. तो टॉवेल औषध किती अडवतो हे ज्याचे त्याने समजावे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा, आणि पुन्हा २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, या पट्ट्यातल्या माणसांनी असे दिवस काढले आहेत. सकाळची फवारणी दुपारच्या पावसाने धुतली, म्हणून संध्याकाळी पुन्हा. औषध बहुतेक वेळा दुकानातून उधारीवर येते आणि कोणते मारायचे हा सल्लाही त्याच दुकानातून मिळतो. यात दुकानदाराला दोष देण्याचा हेतू नाही. पण विकणाऱ्यानेच गरज ठरवायची, ही पद्धत मला काही बरी वाटत नाही.

भीतीपोटी केलेल्या या फवारणीचे हिशेब पुढे दोन ठिकाणी द्यावे लागतात. एक परदेशी बाजारात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षावर औषधाचा अंश किती चालेल याच्या मर्यादा कडक आहेत. त्यासाठीच २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट ही बागेपासून नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू केली. तरीही २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या एका संजीवकाचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षे युरोपात अडकली. ते रोगाचे औषध नव्हते, पण अंश म्हणजे काय प्रकरण आहे हे त्या हंगामात घरोघर कळले. दुसरा हिशेब खुद्द रोगाकडे. तेच ते औषध वारंवार मारले की त्याला न जुमानणारी पिढी तयार होते. महाराष्ट्राच्या बागांतल्या दावण्यात काही औषधांविरुद्ध अशी प्रतिकारशक्ती आल्याचे पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेले आहे.

आता बायोसेन्सर. तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात आधीच आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर ठेवता, ती साखरेची पट्टी हा जगातला सर्वांत यशस्वी बायोसेन्सर. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची कल्पना मांडली. पट्टीवर एक एन्झाइम असते, ते रक्तातल्या हजार पदार्थांतून फक्त ग्लुकोज ओळखते. ओळख पटली की रासायनिक क्रिया होते, तिची वीज होते आणि विजेचा आकडा होतो. ओळखणारा जिवंत सृष्टीतला, आणि बोलणारे यंत्र. कोरोनाच्या काळात नाकातला नमुना घेऊन पट्टीवर टाकत, तीही याच घराण्यातली. तिथे एन्झाइमऐवजी अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला बरोबर पकडणारे प्रथिन असते.

मग पानासाठी अशी पट्टी का नाही? आहे, आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत. मला सर्वांत आवडलेली वाट वासाची. गवत कापल्यावर जो ताजा वास येतो, तो गवताची हाक असते. जखम झाली, कीड लागली, रोग शिरला की झाडे वेगवेगळे वायू सोडतात, आणि प्रत्येक दुखण्याचा वास थोडा निराळा असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये टोमॅटोच्या पानाचा वास 'हुंगून' करपा ओळखणारे, स्मार्टफोनला जोडायचे उपकरण दाखवले. २०२३ मध्ये त्यांनी पानाच्या खालच्या बाजूला चिकटवायची एक लवचिक पट्टी तयार केली. ती वास, दमटपणा आणि तापमान एकदम मोजते. टोमॅटोवरचा एक विषाणू या पट्टीने डोळ्याला दिसण्याच्या आठवडाभर आधी ओळखला.

वाचताना मी हरखून गेलो. मग कृषी महाविद्यालयातल्या एका मुलाने मला जमिनीवर आणले. म्हणाला, "सर, तिथं विषाणू होता. विषाणूला औषध नाही, झाड उपटायचं, शेजारची वाचवायची. द्राक्षात आपल्याला दोन-तीन दिवसांत कळायला पाहिजे." शिवाय नऊ बाय पाच फुटांवर लागण केली तर एका एकरात ९६८ वेली बसतात, प्रत्येकीवर पाने किती ते तुम्हीच धरा. पट्टी चिकटवायची कोणत्या पानाला? रोग काही विचारून येत नाही. त्यात आपल्याकडे त्या पट्टीवर धूळ बसणार, बोर्डोचा थर चढणार. प्रयोगशाळेच्या काचघरात चालणारी वस्तू मणेराजुरीच्या उन्हात कशी चालेल, हा वेगळाच प्रश्न.

म्हणून पानापाशी न जाता हवेतून येणारे बीजाणूच पकडायचे, ही दुसरी वाट जास्त व्यवहाराची वाटते. सापळ्यात हवा ओढायची, त्यात काय अडकले त्याचा डीएनए तपासायचा. डीएनएची तपासणी म्हटले की मोठी प्रयोगशाळा डोळ्यासमोर येते. पण २००० मध्ये जपानी संशोधकांनी 'लॅम्प' नावाची पद्धत जाहीर केली, तिला साधारण ६५ अंशांचे एकच तापमान पुरते. महागडे यंत्र लागत नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात द्राक्षावरच्या भुरीसाठी असे सापळे लावून, बीजाणू सापडल्यावरच फवारणी सुरू करण्याचे प्रयोग झाले आणि काही फवारण्या वाचल्या.

याच ओरेगॉनच्या संशोधकांनी पुढे एक गंमत केली. बागेत काम करणाऱ्या मजुरांचे हातमोजे पुसून त्यावर भुरीचा डीएनए तपासला. मजूर दिवसभर वेलीमागून वेल हाताळतो, त्याच्या मोज्यावर अख्ख्या बागेची खबर गोळा होते. हे वाचून मला आपल्याकडच्या विरळणी आणि डिपिंग करणाऱ्या बायका आठवल्या. घडन् घड त्यांच्या हाताखालून जातो. ९६८ पट्ट्या चिकटवण्यापेक्षा संध्याकाळी त्या दहा-बारा जणींचे हात पुसून बोळा तपासणे किती सोपे. भुरीसाठी केलेली ही युक्ती दावण्यासाठी इथे अजमावून पाहण्यासारखी आहे. दावण्या विरळणीच्या बराच आधी, फुटीच्या काळात येतो, तेव्हा फेलफुटी काढणाऱ्यांचे हात तपासावे लागतील. आणि डीएनए हातात आला की तो कोणत्या औषधाला न जुमानणारा आहे, हेही त्याच नमुन्यातून पाहता येते. म्हणजे 'कधी मारायचे' याबरोबर 'काय मारून उपयोग नाही' हेही. माझ्या मते शेतकऱ्याच्या खिशाला हे दुसरे उत्तर पहिल्याइतकेच मोलाचे.

युरोपात जुन्या बागांतून द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावायची पद्धत आहे. गुलाबावर भुरी दिसली की द्राक्षालाही ती हवा मानवणार, असा अंदाज. गुलाबाची भुरी वेगळी, द्राक्षाची वेगळी, त्यामुळे गुलाबही शेवटी खांबावरच्या सेन्सरसारखा हवाच सांगतो. आम्ही कवींनी गुलाबाला शेकडो कामे लावली, पण पहारेकऱ्याचे काम काही कुणाला सुचले नव्हते.

याचा अर्थ हवा मोजणे कुचकामी असा कुणी घेऊ नये. पान ओले झालेच नाही, हे खात्रीने कळले तर ती एक फवारणी तर वाचते. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पण मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आणि ओढ्याकाठच्या आपल्या बागेतले दव यांत फरक असतो, म्हणून लोक स्वतःचा खांब रोवतात. बायोसेन्सर आला तरी तो या खांबाच्या जोडीनेच काम करील. खांब म्हणेल आज रात्र काळोखी आहे, तेव्हाच हात पुसायचे. रोज पुसत बसणे कुणाला परवडेल?

एक काळजी मात्र मनात आहे. हे आकडे कुणाचे? बागेची खबर मोबाइलवरून कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात जाते. या बागेत रोग सापडला, हे बागायतदाराआधी व्यापाऱ्याला कळले तर सौद्यात भाव कसा पडेल, हे तासगावच्या माणसाला सांगायला नको. दुसरीकडे, बीजाणू बांध ओळखत नाहीत. शेजाऱ्याला खबर दिली नाही तर त्याच्या बागेतून रोग फिरून आपल्याकडेच येणार. खबर शेजाऱ्याला कळावी आणि व्यापाऱ्याला कळू नये, असा मोबाइल कसा करायचा? गावातल्या बागायतदारांनी मिळून सापळे लावले, सोसायटीत एक तपासणीचे टेबल ठेवले, तर आकडे निदान गावात राहतील. खर्चही वाटला जाईल. एकट्याच्या एकरासाठी हे कधीच परवडणार नाही, असे मला वाटते.

कृष्णा ओलांडून वर साताऱ्याकडे गेले की प्रश्न वेगळा होतो. सातारा, कोरेगाव, कऱ्हाड भागातले मोठे पैशाचे पीक म्हणजे आले. त्याचा वैरी कंदकूज, शेतकऱ्यांच्या भाषेत सड. ती आणणाऱ्यांत पिथियम नावाचा जीव प्रमुख, हाही दावण्याच्याच गोतावळ्यातला, पाण्यात पोहणारा. पण हा जमिनीखाली काम करतो. पाने शेंड्याकडून पिवळी पडायला लागली तेव्हा खाली गड्डा मऊ होऊन वास मारत असतो. तिथे पानाला चिकटवलेली पट्टी काय सांगणार? आज तिथे कामाचा आहे तो जमिनीतला ओलावा मोजणारा साधा सेन्सर, कारण साचलेले पाणी हेच सडीचे वाहन. गादीवाफा आणि ठिबक यांनी निम्मे काम आधीच होते.

पण सड पुष्कळदा बेण्यातून येते. वरून निरोगी दिसणारा गड्डा आत रोग घेऊन नव्या रानात जातो, आणि बेणे गावोगाव विकत फिरते. म्हणून साताऱ्यात बायोसेन्सरची खरी जागा शेतात नसून बेण्याच्या ढिगाजवळ आहे, असे माझे मत झाले आहे. ढिगातले थोडे गड्डे काढायचे, कापायचे, पट्टीवर किंवा लॅम्पच्या नळीत तपासायचे. तिथे दोन-तीन दिवसांची घाई नाही, ऊनपावसाचा त्रास नाही, चिकटवायचे काहीच नाही. आल्याची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते, आणि काढणीनंतर बेणे दोन-अडीच महिने सावलीत झाकून पडलेले असते. तपासणीला एवढी सवड द्राक्षात कधीच मिळत नाही.